दुपट्यांच्या बोचक्यातलं धोतर

मी धोतर बोलतोय. पुरतं धोतर नव्हे, त्यातला उरलेला तुकडा. एका अंगाला तांबडा काठ अजून शिल्लक आहे, त्यावरून घरची माणसं मला ओळखतात. सध्या मी दुपटं म्हणून कामाला आहे. दुपटं ओलं झालं की धुतात, धुतलं की वलणीवर टाकतात आणि वाळेपर्यंत त्याला कुणी काही विचारत नाही. तेवढ्या वेळात माझी हकीगत सांगून होईल.

गोष्ट थोडी लाजेची आहे. पण तीच लाज एका माणसाच्या जिवावर उठली होती, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो.

सांगलीकडच्या एका कोष्ट्याच्या मागावर मी विणला गेलो. आम्ही दोघं जुळे. धोतरं जोडीनंच विणतात. एकाच लांब कापडात दोन पानं, मध्ये बोटभर मोकळे धागे, तिथं कात्री लावायची. लढाईचे दिवस होते. कापड कंट्रोलवर गेलेलं, सूत मिळायची मारामार. आमचा कोष्टी विणताना तोंडानं पुटपुटायचा, "नीट बसा रे बाबांनो, पुन्हा कवा सूत मिळंल ठावं न्हाई." त्यामुळं आम्ही चांगले दाट बसलो.

सन चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात नाथाजी नावाचा एक शिपाईगडी बेळगावहून रजेवर घरी चालला होता. वाटेत सांगलीला उतरून त्यानं बापासाठी आमची जोडी घेतली. कोरेगावच्या पलीकडं, वसना नदीच्या काठाला त्याचं गाव. घरी ऊस, दोन बैल, आई बयाबाई, बायको शालू आणि वडील जोतीराम. वडिलांना सगळा गाव तात्या म्हणायचा. पहिल्या लढाईत ते हवालदार होऊन आले होते. चालणं ताठ, बोलणं थोडकं. आम्हाला हातात घेऊन त्यांनी काठ चिमटीत धरला, उजेडाकडं करून बघितला आणि "बरं हाय" म्हणाले. तात्यांच्या तोंडचं 'बरं हाय' म्हणजे दुसऱ्याच्या तोंडची आरती.

शालूला तेव्हा दिवस गेले होते. रजा संपून नाथाजी निघाला, तेव्हा मी परसात वाळत होतो. तिथं तो तिला म्हणाला, "तात्या तोंडानं काय बोलायचे न्हाईत. काय दुखलं खुपलं तर आयला बी सांगायचे न्हाईत. तू नजर ठिव."

"मी? सासऱ्यावर?"

"मग काय बंदूक घिऊन मी तिकडनं ठिवू?"

ती हसली. पण ते वाक्य तिनं मनात धरून ठेवलं. शालूचा स्वभावच तसा. कुणी काही सोपवलं की तिला त्याचा घोर लागायचा.

आता धोतराला माणसाचं किती कळतं ते सांगतो. कमरेची गाठ, पुढच्या निऱ्या, मागचा काष्टा, सगळीकडून मी त्यांना लागलेला. डॉक्टरला जे विचारावं लागतं ते मला न विचारता कळतं.

पहिल्यांदा कळलं ते थांबणं. तात्या बांधाच्या आडोशाला लघवीला बसायचे आणि नुसतेच बसून राहायचे. सुरूच व्हायचं नाही. झालं तर धार बारीक, मध्येच तुटायची, पुन्हा थोडी यायची. उठून काष्टा घातला की शेवटचे दोन थेंब माझ्यावर. केरबा म्हणून त्यांचा लहानपणापासूनचा जोडीदार होता, वयानं थोडा थोरलाच. तो शेजारच्या बांधावरून ओरडायचा,

"काय रं जोती, आजून न्हाई व्हय? माझं हून मी तंबाखू मळली, खाल्ली आन् थुकलो बी."

"तुला घाई. मी निवांत मानूस."

"निवांत कशाचा! बांधाला अभिषेक चाललाय, थेंब थेंब."

तात्या हसायचे. हसताना त्यांच्या मांड्या आवळलेल्या असायच्या, ते मला कळायचं.

मग घाई सुरू झाली. आत्ता जाऊन आले की पुन्हा. रात्रीची झोपमोड तर रोजची. औंधच्या यमाईच्या पालखीपुढं अब्दागीर, म्हणजे मानाचं छत्र, धरायचा त्यांच्या घराला मान होता. त्या पौषात ते गेले नाहीत. गुडघे धरलेत म्हणाले. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. पालखी सोडून मधूनच कसं जायचं, हा प्रश्न होता. मान केरबाच्या पोराकडं गेला.

पालखीच्या दिवशी तात्या घरी देवाच्या देवळीसमोर बसले आणि माझ्या काठाशी बोटांनी चाळा करत राहिले.

मधल्या काळात शालूला मुलगा झाला. नाव सिद्धू. घरात लंगोट आले, दुपटी आली आणि शालूचा घोर दुप्पट झाला. पोर झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची. बयाबाई म्हणायची, "शिंकलं की कोरेगाव, खोकलं की कोरेगाव. डाक्तर बी कट्टाळला आसंल तुज्या पोराला."

त्या सुमारास तात्यांनी एक गोष्ट केली. माझं धुणं ते स्वतः करायला लागले. पहाटेच आडावर जाऊन मला पिळायचे आणि गोठ्यामागं, कुणाच्या नजरेला पडणार नाही असं वाळत घालायचे. कारण मी आता पुष्कळ ओला व्हायला लागलो होतो. बसल्या जागी, चालता चालता, त्यांना न कळत. त्यांना वाटलं, आपल्या हातानं धुतलं की कुणाला समजणार नाही. पण त्या गावात सासऱ्यानं आपलं धोतर आपण धुवावं, याहून मोठी बोंब नाही. चार दिवसांत आडावरच्या बायकांत बोलणं झालं.

बयाबाईनं शालूला धरलं. "म्हाताऱ्या मानसानं धोतर पिळायचं आन् तू पोर मांडीवर घिऊन बसायचं? सून अंग चोरती का म्हणून मला इचारत्यात लोकं."

"मी हात फुडं करून मागितलं आत्याबाई, मामंजीच देत न्हाईत."

"मागायचं कशाला? उचलायचं!"

तेव्हापासून शालूनं मला उचललं. तात्या कुरकुरले, पण सुनेच्या हातातून धोतर ओढून घेणार कसे? सून सासऱ्यासमोर बोलत नसे, सासरा सुनेकडं बघत नसे. आणि अशा रीतीनं, एक अक्षर न बोलता, मी तिच्या हातात गेलो.

धुण्याच्या दगडावर एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सिद्धूचे लंगोट. शालूनं आम्हाला शेजारी शेजारी ठेवून बघितलं. पोराचा लंगोट भिजला की आरपार भिजायचा, एकाच वेळी, मोकळेपणानं. माझ्यावर मात्र लहान लहान डाग, एकाशेजारी एक, काही वाळलेले, काही ओले. दिवसभर थेंब थेंब. वासही निराळा, उग्र.

आणखी एक गोष्ट तिच्या नजरेला आली. कमरेच्या गाठीची चुरगळ माझ्या काठावर पडायची. मी नवा होतो तेव्हा ती चांगली आत असायची. आता ती टोकाकडं सरकत चालली होती. गाठीला कापड पुरेना. म्हणजे पोटाचा घेर वाढत होता. पण माणूस तर वाळत चाललेला, गालफडं बसलेली, पायांवर तेवढी सूज. शालू ती चुरगळ बोटानं चाचपायची आणि तशीच बसून राहायची.

मला आतलं ठाऊक होतं. बेंबीखाली, मी जिथं आवळला जातो तिथं, पोट कच्च्या भोपळ्यासारखं टणक लागत होतं. पण मला तोंड कुठं होतं!

बयाबाईला वाईट दिसत नव्हतं असं नाही. तिनं तिच्या परीनं इलाज केला. लहान पोराला अंथरुणात होतं, तर त्याला तिळाचे लाडू देतात. तिनं तात्यांना तेच द्यायला सुरुवात केली आणि सांज झाली की पाण्याचा तांब्या उचलून ठेवायला लागली. "लय हुतंय त्यास्नी. थोडं धरलं पायजे." सगळ्या घराचा हाच समज. तात्यांचाही. होतंय ते फार होतंय, ते कमी करायचं.

शालूनं एकदा धीर केला. "आत्याबाई, मामंजींचं प्वाट बघितलं का तुमी?"

"सासऱ्याच्या पोटाकडं बघतीस? बाईमानसाची जात हाईस का कोण?"

त्या दिवसांत तात्या जेवण अर्ध्यावर सोडायचे, जीभ कोरडी पडायची, बसल्या बसल्या पेंगायचे. हाक मारली तर दचकून "हजर!" म्हणायचे. पलटणीतली सवय. बयाबाई हसायची, शालू हसायची नाही.

बाजारादिवशी सकाळी तिनं सांगितलं, सिद्धूची छाती घरघरतेय, कोरेगावला न्यायला हवं. छाती अगदी स्वच्छ होती. बयाबाईनं कपाळावर हात मारला, पण नातवाचं काम म्हणून हो म्हणाली. घरात दुसरा गडी नाही, म्हणून सोबतीला तात्या, आणि गाडी हाकायला केरबा.

निघायच्या आधी शालू आडावर आली. मी कालचा, न धुतलेला, दगडावर पडलेला होतो. तिनं इकडं तिकडं बघितलं. मला गुंडाळलं आणि दुपट्यांच्या बोचक्यात मधोमध दडवलं. दुपट्यांनी नाकं मुरडली. मीही घाबरलो. न धुतलेलं धोतर घेऊन कुणी बाजाराला जातं का?

त्या दिवशी तात्यांच्या अंगावर माझा जुळा भाऊ होता. वाटेत त्यांनी गाडी सारखी थांबवायला लावली. बाभळीमागं जायचे, बसायचे, परत यायचे. केरबा बैलांच्या शेपट्यांकडं बघत राहिला. अभिषेकाची थट्टा त्यानं केली नाही, तेव्हाच मी समजलो की त्यालाही काळजी लागली आहे.

कोरेगावात चिंतामण डॉक्टरांचा दवाखाना होता. तात्या बाहेर ओट्यावर टेकले. शालू पोराला घेऊन आत गेली. डॉक्टरांनी नळी लावून सिद्धूची छाती तपासली, पोट दाबलं, जीभ बघितली.

"याला काहीही झालेलं नाही, बाई. उगाच काळजी करता."

शालू उठेना.

"आणखी काय?"

तिनं बोचकं सोडलं आणि मला त्यांच्या टेबलावर ठेवलं. तोंडानं एवढंच म्हणाली, "ह्ये."

डॉक्टरांनी मला उलगडलं. वास घेतला. "हे लेकराचं नव्हे."

"न्हाई."

"मालकांचं?"

"त्ये लढाईवर हायेत."

डॉक्टरांनी खिडकीतून ओट्याकडं बघितलं. "हवालदारांचं?"

शालूनं पदर पुढं ओढून मान हलवली. मग एकदा सुरू झाल्यावर तिचं बोलणं थांबेना. "दिसभर आसंच हुतंय. थेंब थेंब. एकदम पुरतं आसं कवा न्हाई. आन् ही गाठ बघा, ही चुरगळ. हितं हुती, आता हितं आलीया. प्वाट वाढतंय आन् मानूस वाळतोय. जेवण न्हाई. बसल्या जागी डोळा लागतोय. आत्याबाई तीळ देत्यात."

"पाणी?"

"सांजंपास्नं बंद."

डॉक्टर उभे राहिले आणि दारातून हाक मारली, "हवालदार, जरा आत या."

तात्या आत आले. आले ते मला बघूनच थबकले. टेबलावर मी उघडा पसरलेला, डाग वर. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. कुणी काही बोलायच्या आत ते मागं फिरले. बाहेर त्यांचा आवाज ऐकू आला.

"नाथाच्या बायकूनं माझी अब्रू बाजारात मांडली. केरबा, बैलं जुंप."

केरबा उठला, पण त्याच्या हाताला जोत्याची दोरी काही सापडेना. समोर पडलेली दोरी तो गाडीखाली शोधत होता.

शालू मला छातीशी धरून बाहेर आली. काखेत सिद्धू. ओट्याच्या पायरीवर थांबली. सून सासऱ्याशी बोलत नाही, ते मी वर सांगितलं. त्या दिवशी ती बोलली. पदराआडून, पण रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल इतकं.

"मामंजी, जायचं तर चला. पर त्ये परत आल्यावर मी काय सांगू, त्येवढं सांगा. तुमी आणलेलं मामंजींचं धोतर मी रोज धुतलं, रोज बघितलं, आन् लाज वाटली म्हणून गप बसले, आसं सांगू का?"

तात्या चाकाला धरून उभे होते. त्यांना फार वेळ उभं राहवत नसे.

"त्यो काय म्हणाला हुता तुला?"

"नजर ठिव म्हणालं."

"मग?"

"ठिवली."

केरबा गाडीखालून बाहेर आला. "जोती, सून बोलली रं. तिचं सपलं. आता तू बोल."

तात्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पोराकडं. म्हणाले, "केरबा, बैलं जुंपू नगंस." आणि पायऱ्या चढले.

आत डॉक्टरांनी मला शालूकडून परत घेतलं आणि तात्यांना बाकावर झोपवलं. बेंबीपासून खाली बोटांनी ठोकून बघितलं. भरल्या रांजणासारखा बद्द आवाज. मग हातमोजा घालून तात्यांना कुशीवर वळवलं. त्यातलं पुढचं मी सांगत नाही. तात्या पलटणीतल्या दोन शिव्या पुटपुटले, तेवढं सांगतो.

"हवालदार, तुमची लघवी अडकली आहे."

"अडकली? आवं, मला सारकी हुतीय! अडकली आसती तर झाली कशी आसती?"

"सारखी होते, म्हणूनच अडकली आहे. पिशवी काठोकाठ भरली, की वरचं सांडतं. तुम्हाला ते सांडलेलं दिसतं. आतलं साठलेलं दिसत नाही."

डॉक्टरांनी मला उचललं. माझं कोरडं टोक पिळून त्याची वळी केली आणि ती डाव्या मुठीतून खाली ओवली. "हे बघा. मुठीच्या वर ही लघवीची पिशवी. खाली ही नळी. आणि नळी पिशवीतून निघाल्याबरोबर जिच्या पोटातून जाते ती ही गाठ, म्हणजे माझी मूठ. सगळ्या पुरुषांना असते. प्रोस्टेट म्हणतात. तरुणपणी मोठ्या सुपारीएवढी. वय झालं की वाढते."

"केरबाची बी वाढलीया. तुमीच म्हणाला हुता, पेरवाएवढी झालीया म्हणून. आन् त्यो बैलावानी मुततोय."

दाराबाहेरून केरबा खोकला.

डॉक्टर हसले. "त्याची बाहेरच्या अंगानं वाढली." त्यांनी उजव्या हाताचा पंजा डाव्या मुठीवर लपेटला. "बघा, मूठ केवढी झाली. आता केरबा, आत या आणि धोतर ओढा." केरबानं मला ओढलं. मी सरसर खाली आलो. "वाट मोकळी आहे ना? आता आतल्या अंगानं वाढू दे." पंजा काढला आणि मूठ आवळली. मी अडखळत, इंचाइंचानं सरकू लागलो. "मूठ मोठी नाही, पण नळी आवळली. मग सुरू व्हायला वेळ, धार बारीक, मध्येच तुटणार."

"आक्षी तसंच हुतं," तात्या हळू म्हणाले.

"आणि तिसरा प्रकार. तुमचा तोच असावा. मागून बोटाला तुमची गाठ फार मोठी लागत नाही." डॉक्टरांनी अंगठा वर काढला आणि मुठीच्या तोंडावर, माझ्यावर दाबून धरला. "गाठीचा एक कोंब वर, पिशवीच्या तोंडात घुसतो. तुम्ही जोर केला, की तो झाकणासारखा बसतो. जितका जोर, तितकं झाकण घट्ट."

केरबानं ओढून बघितलं. मी हललो नाही.

"मग सारकं जावंसं का वाटतं वो?"

"पिशवी मांसाची असते. बंद दाराला धडका मारून मारून ती आधी जाड होते, चिडखोर होते. थोडं साठलं तरी धावपळ. पुढं दमते, ढिली पडते आणि भरलेलीच राहते. मग पाणी मागं, मूत्रपिंडापर्यंत तुंबतं."

उसाला पाणी पाजण्यात जन्म गेलेले तात्या. ते म्हणाले, "पाट तुंबला की मागच्या सरीत पाणी शिरतं. मुळ्या कुजत्यात."

"तेच. भूक गेली, झोप येते, पाय सुजले, ते त्या कुजण्याचं. तीळ खाऊन आणि पाणी तोडून उपाय होणार नाही. आणखी थोडे दिवस गेले असते, तर हे धोतर मला बघायला मिळालं नसतं."

मग डॉक्टरांनी उकळून निववलेली रबरी नळी आणली. तात्यांनी डोळे मिटले, हात माझ्यावर ठेवला आणि मला मुठीत गच्च आवळलं. तसराळ्यात आवाज सुरू झाला. बारीक, पण न तुटणारा. तात्यांच्या तोंडून लांबलचक श्वास निघाला. लढाईतून परत आल्यावरही त्यांनी असा श्वास सोडला नसेल. डॉक्टरांनी थोडं काढून नळीला चिमटा लावला. एकदम सगळं रिकामं करायचं नाही, धक्का बसतो, रक्त येतं, म्हणाले. थांबत थांबत काढलं.

बाहेर ओट्यावर शालू सिद्धूला थोपटत होती. पोर केव्हाच झोपलं होतं, तरी थोपटत होती. आतला आवाज तिला ऐकू येत असावा. तिनं भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे पुसले.

कोरेगावहूनच आगगाडीनं मिरजेला जायचं ठरलं, तिथल्या मोठ्या दवाखान्यात. बयाबाईला निरोप गेला, ती धावत आली. सुनेला एक शब्द बोलली नाही. गाडी सुटताना मात्र खिडकीतून म्हणाली, "पोराला जप. शिंकलं तर आण कोरेगावला."

मिरजेला मी होतोच, आता बयाबाईच्या बोचक्याचा मेंबर म्हणून. तिथं तात्यांच्या ओटीपोटात भोक पाडून नळी बसवली आणि खाली बाटली लावली. आधी मूत्रपिंडं सावरू दे, मग गाठ काढू, असं तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं. कित्येक आठवडे तात्या खाटेवर. जीभ ओली झाली, डोळ्यांत तेज आलं, जेवण मागायला लागले. पाणी तर तांब्यानं प्यायचे. बयाबाई तांब्या भरून देताना एकदा पदरात तोंड घालून रडली. "मीच दाबून धरत हुते की वो तुमास्नी."

"तुला काय ठावं? मला तरी कुठं ठावं हुतं," तात्या म्हणाले. मी पहिल्यांदाच त्यांना बायकोशी इतकं बोलताना ऐकलं.

मग गाठ काढली. मोसंबीच्या सालीतून गर सोडवावा तशी बोटानं सोडवतात, असं नर्स सांगत होती. तिनं ती काचेच्या बशीत घालून तात्यांना दाखवली. लिंबाहून थोडी मोठी. वरच्या अंगाला जिभेसारखा एक कोंब.

"येवढ्याशानं?" तात्या बघतच राहिले. मग म्हणाले, "लढाईत बी आसंच. ठाणं केवढं हाय त्येला मोल न्हाई. वाटंवर कुठं बसलंय त्येला मोल."

त्या मुक्कामात माझे फार हाल झाले. रक्त, औषधं, आणि दवाखान्याचं सोड्याचं उकळतं पाणी. घरी आलो तेव्हा मधोमध विरलो होतो. पण तात्या पायांनी चालत घरात शिरले. दारात भाकरतुकडा ओवाळायला शालू उभी होती. ओवाळून झाल्यावर ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "सूनबाई, धोतर टाकू नगंस. धुऊन ठिव."

पुढच्या पौषात ते औंधला गेले. पालखीपुढं अब्दागीर धरून शेवटपर्यंत उभे राहिले. अंगावर माझा भाऊ होता. त्यानं मला सगळं सांगितलं. कोरडा होता, एवढं सांगायला तो विसरला नाही.

लढाई संपून नाथाजी घरी आला. आल्या आल्या विचारलं, "तात्या, सांगलीची धोतरजोडी कुठाय?"

"एक हाय. दुसरं कामी आलं," तात्या म्हणाले. मग सगळी हकीगत त्यांनीच सांगितली. शालू चुलीपाशी मान खाली घालून भाकरी थापत होती. नाथाजीनं तिच्याकडं बघितलं. भाकरी करपली, पण त्या दिवशी बयाबाई काही बोलली नाही.

नंतर शालूला मुलगी झाली. धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं धोतर बाळाच्या अंगाला चांगलं, म्हणून शालूनं मला चार जागी फाडलं. तीन तुकड्यांचे लंगोट झाले, चौथा मी, काठाकडचा. मला वाईट वाटलं नाही. धोतराचा शेवट दिव्याच्या वातीत किंवा चुलीच्या पोतेऱ्यात व्हायचा. माझा बाळाच्या अंगावर होतोय.

आता माझे फार दिवस उरलेले नाहीत. अंगातून उजेड दिसतो. जाता जाता एवढंच मागणं आहे. धुणं धुणाऱ्या बायांनो, कापड काही सांगत असेल तर ते ऐका, आणि ज्याला सांगायचं त्याला सांगा. आणि बाप्यांनो, गोठ्यामागं धोतरं वाळत घालू नका. चार माणसांच्या नजरेत वाळू द्या.

कालचीच गोष्ट. तात्या ओट्यावर नातीला मांडीवर घेऊन बसले होते. खाली मी. एकाएकी पोरीनं मोकळं केलं. माझ्यातून आरपार, तात्यांच्या नव्या कोऱ्या धोतरावर. शालू आतून धावत आली. आता ती त्यांच्याशी बोलते.

"आवं मामंजी, द्या हिकडं! सगळं भिजलं की!"

तात्यांनी हात आडवा केला. पोरीची धार चालूच होती, उन्हात चमकत. ते तिच्याकडं बघत म्हणाले,

"थांब गं. हू दे तिचं पुरतं."